हल्ला संपला, हे शरीराला कधी कळते?

खुनाची, बलात्काराची, अपहरणाची किंवा जीवघेण्या लुटीची बातमी आली की पहिले काही दिवस आरोपी, तपास आणि शिक्षा यांचीच चर्चा चालते. ती ओसरू लागली की लोकांची नजर हळूहळू त्या प्रसंगातून वाचलेल्या माणसाकडे वळते. तिने आरडाओरडा का केला नाही? तक्रार करायला इतके दिवस का लागले? पहिल्या जबाबात नसलेली गोष्ट दुसऱ्या जबाबात कुठून आली? मुलगा गेला तरी बापाच्या डोळ्यांत पाणी कसे नाही? असे प्रश्न विचारणारे सगळेच दुष्ट असतात असे नाही. संकटात सापडलेला माणूस कसा वागेल याचे एक चित्र प्रत्येकाच्या मनात असते आणि समोरचे वागणे त्याच्याशी जुळले नाही की संशय डोके वर काढतो. अडचण अशी की ते चित्रच बहुतेक वेळा चुकीचे असते. हल्ल्यातून वाचलेल्यांचा शास्त्रीय अभ्यास गेल्या सुमारे पन्नास वर्षांत बराच पुढे गेला आहे, आणि त्यातून हाती आलेले चित्र आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच वेगळे आहे.

जीव, शरीर किंवा लैंगिक स्वायत्तता धोक्यात आणणाऱ्या घटनेमुळे मनाला आणि शरीराला झालेल्या इजेला या लेखात ‘आघात’ म्हटले आहे. ही इजा प्रत्यक्ष मार खाल्लेल्याला होते, तशीच डोळ्यांसमोर हिंसा पाहणाऱ्याला आणि जवळच्या माणसाचा खून झाल्याचे कळलेल्यालाही होऊ शकते.

त्या क्षणी निर्णय कोण घेते?

धोक्याची दखल घेण्यात मेंदूतील अमिग्डाला या भागाचा मोठा वाटा असतो. धोका जाणवताच, आपण नीट विचार करण्याच्या आतच, अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायने शरीरात पसरतात, हृदयाची गती वाढते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि पचनासारखी कामे मंदावतात. तुलना करणे, पर्याय तोलणे, योग्य शब्द शोधणे ही कामे करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग अशा वेळी मागे पडतो. म्हणून ‘तिने असे करायला हवे होते’ असे आपण सवडीने म्हणतो, तेव्हा आपण शांत बसलेल्या मेंदूचा हिशेब त्या वेळी कामाबाहेर गेलेल्या मेंदूला लावत असतो.

लढणे आणि पळणे या दोन प्रतिक्रिया सर्वांना माहीत असतात. तिसरी तितकीच नैसर्गिक आहे, पण तिची चर्चा कमी होते, आणि ती म्हणजे थिजणे. सुटकेचा मार्ग बंद झाला आणि हल्लेखोराची पकड बसली की अनेक प्राण्यांचे शरीर ताठर किंवा लुळे पडते, आवाज फुटत नाही, पण शुद्ध हरपलेली नसते. माणसातही हेच घडते. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले, तर ४८ टक्के स्त्रियांमध्ये ही अवस्था अतितीव्र होती. ज्या थिजल्या होत्या त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघाताचा विकार आणि तीव्र नैराश्य यांचे प्रमाण अधिक आढळले. प्रतिकार न करणे ही संमती समजणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत.

काहींना त्या क्षणी आपण आपल्याच शरीराबाहेर उभे राहून सारे पाहत आहोत असे वाटते, तर काही जण हल्लेखोराशी गोड बोलतात, त्याचे ऐकतात, त्याला शांत ठेवतात. घरातल्याच माणसाकडून वर्षानुवर्षे मारहाण सोसणाऱ्यांच्या वागण्यात हे विशेष दिसते. बाहेरून ते सहकार्य वाटते. आतून पाहिले तर तो जगण्याचा प्रयत्न असतो.

मग आठवणी तुटक का असतात?

रोजच्या अनुभवांना काळ आणि जागा यांच्या चौकटीत बसवण्याचे काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. अतितीव्र ताणात त्याच्या कामात व्यत्यय येतो आणि त्याच वेळी भावनांनी भारलेले तपशील मात्र खोलवर कोरले जातात. आठवण ही टपालातून आलेल्या पत्रासारखी मानली, तर साध्या आठवणीवर तारखेचा शिक्का असतो. पत्र उघडले तरी ते जुने आहे हे आपल्याला माहीत असते. हल्ल्याच्या आठवणीवर तो शिक्का नीट उमटलेला नसतो, त्यामुळे ती कधीही उघडली तरी मजकूर आजचाच वाटतो. एखादा वास, मागून आलेला पावलांचा आवाज, विशिष्ट प्रकारचा अंधार एवढ्याने ती उघडते आणि शरीर पुन्हा त्याच क्षणात जाते. जे घडून गेले आहे ते आत्ता घडत आहे असे वाटणे, हे या इजेचे मूळ आहे.

यामुळेच हल्लेखोराच्या हातातील चाकूचे वर्णन बारकाईने करणाऱ्या माणसाला त्याच्या शर्टाचा रंग सांगता येत नाही, किंवा घटनांचा क्रम चुकतो, किंवा झोप मिळाल्यावर, भीती थोडी निवळल्यावर नवा तपशील आठवतो. एवढ्यावरून कोणी खोटे बोलत आहे असे ठरत नाही. मात्र याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितली नाही तर विषयावरचा विश्वास उडतो. आठवण ठळक आहे म्हणून ती अचूकच असते असेही नाही. प्रामाणिक माणसाकडून अनोळखी हल्लेखोराची ओळख चुकू शकते, आणि सूचक प्रश्नांनी आठवण बदलू शकते. म्हणून जबाब घेणाऱ्याने मोकळे प्रश्न विचारावेत, मध्ये तोडू नये, आणि प्रत्येक तपशिलाचा स्वतंत्र पुरावा शोधावा, यात वाचलेल्या व्यक्तीचा अवमान नसून तिच्या बाजूचे संरक्षणच आहे.

प्रत्येक वाचलेला माणूस आजारी असतो का?

नाही, आणि हा गैरसमजही तितकाच घातक आहे. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणे, दचकणे, सतत दारे तपासणे, रडू कोसळणे किंवा काहीच न वाटणे हे जवळपास सर्वांना होते. बलात्कारानंतर स्त्रियांची पाहणी करणाऱ्या १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांच्या सुमारास ९४ टक्के जणींमध्ये आघाताची लक्षणे होती. सुमारे तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. या आकड्यांतून दोन गोष्टी एकदम दिसतात. निम्म्या जणी कोणत्याही विशेष उपचाराविना सावरण्याच्या वाटेवर होत्या, आणि उरलेल्या निम्म्या जणींचे दुखणे आपोआप कमी होत नव्हते.

लक्षणे एक महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडवू लागली तर त्याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, म्हणतात. अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत तो १९८० मध्ये आला. त्यात घटना स्वप्नांतून आणि जागेपणी परत परत अंगावर येते, तिची आठवण करून देणारे सारे माणूस टाळू लागतो, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडतात, आणि शरीर अखंड सावध राहते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात बलात्कार हा सर्वांत त्रासदायक अनुभव असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के आणि पुरुषांपैकी ६५ टक्के जणांना हा विकार झाल्याचे दिसले. पुरुषांचा आकडा वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. ज्यांना बोलायची मुभा सर्वांत कमी, त्यांचे हाल मोठे, असा माझा त्यावरचा तर्क आहे. वर्षानुवर्षे चाललेल्या छळातून किंवा बंदिवासातून सुटलेल्यांमध्ये याच्याच जोडीला भावना आवरता न येणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि कोणाशीही जवळीक न साधता येणे असे त्रास दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याला जटिल पीटीएसडी म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे.

काळ हेच औषध नाही का?

काही अंशी आहे. वर दिलेली घट त्याचीच साक्ष देते. पण काळ सर्वांना सारखा लागू पडत नाही. त्याच १९९५ च्या सर्वेक्षणात उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्या जणांची लक्षणे जाण्यास ३६ महिने लागले, उपचार न घेतलेल्यांपैकी निम्म्यांना ६४ महिने, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांची लक्षणे अनेक वर्षांनंतरही पूर्णपणे गेलेली नव्हती. यामागचे मोठे कारण म्हणजे टाळणे. हल्ला झालेल्या रस्त्याने न जाणे पहिल्या आठवड्यात शहाणपणाचे असते. मग तो परिसर टळतो, मग संध्याकाळ टळते, मग एकटे बाहेर पडणेच टळते. प्रत्येक टाळण्याने तात्पुरते हायसे वाटते, पण ‘आता धोका नाही’ हे शिकण्याची संधी शरीराला मिळतच नाही.

मग लगेच सगळे बोलून टाकावे का? येथे एक धडा महागात पडून शिकावा लागला आहे. घटनेनंतर काही दिवसांतच एका बैठकीत माणसाकडून सारा प्रसंग सविस्तर वदवून घ्यायचा, अशी पद्धत एकेकाळी जगभर वापरली जात असे. १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवरील ब्रिटनमधील चाचणीत अशी बैठक मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनी पीटीएसडी होता, तर ती न मिळालेल्यांमध्ये ९ टक्क्यांनाच. त्यानंतरच्या एकत्रित आढाव्यांनीही तिचा फायदा नसल्याचेच सांगितले. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्यावे; ज्याला बोलायचे नाही त्याला बोलते करू नये. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. बेन्झोडायझेपिन गटातील औषधे पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे.

ज्या उपचारांमागे भक्कम पुरावा आहे ते महिना उलटल्यावर, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या सोबतीने, ठरलेल्या टप्प्यांनी चालतात. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत आठ ते पंधरा बैठकांमध्ये रुग्ण ती आठवण वर्तमानकाळात, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या पण प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्या ठिकाणी हळूहळू जाऊ लागतो. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत ‘मी दार उघडले म्हणून हे झाले’ यांसारखे अडकून बसलेले विचार पुराव्यानिशी तपासले जातात. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या ईएमडीआर या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल केली जाते. त्या हालचालीचा नेमका वाटा किती यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण एकूण पद्धत परिणामकारक ठरली आहे. या तिन्हींत प्रत्यक्षात घडते एकच: पत्रावर उशिरा का होईना तारीख पडते. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये पुढे विकाराचे निदान लागू होत नाही. सर्वांनाच गुण येतो असे नाही, काही जण मध्येच सोडतात, आणि सुरुवातीच्या काही बैठकांनंतर त्रास वाढल्यासारखा वाटतो, हे आधीच सांगितलेले बरे.

एक अट मात्र या सगळ्याच्या आधी येते. हल्लेखोर अजून घरातच असेल, धमक्या चालू असतील, तर शरीराची सावधता हा विकार नसून योग्य अंदाज असतो. ज्युडिथ हर्मन यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या सावरण्याच्या तीन टप्प्यांत सुरक्षितता पहिली, आठवण आणि शोक दुसरा, आणि जगाशी पुन्हा नाते जोडणे तिसरा टप्पा आहे. पहिला टप्पा गाळून दुसऱ्यावर उडी मारणारा उपचार माणसाला आणखी खचवतो.

माणूस परतच येत नाही तेव्हा

खुनात जवळचे माणूस गमावलेल्यांवर आघात आणि शोक हे दोन्ही एकदम कोसळतात, आणि दोघांचे स्वभाव उलटे असतात. शोक गेलेल्या माणसाकडे ओढतो. आघात त्याच्यापासून पळायला लावतो, कारण त्याचा चेहरा आठवू गेले की शेवटचे क्षण आठवतात, आणि जे क्षण प्रत्यक्ष पाहिलेलेही नाहीत ते कल्पनेत रंगवले जातात. त्यात मृतदेह तपासासाठी अडकून राहतो, घरातल्यांचीच चौकशी होते, खासगी छायाचित्रे बातम्यांत झळकतात. कोरड्या डोळ्यांच्या त्या बापाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच असते. त्याचा शोक अजून सुरूच झालेला नसतो.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते शास्त्र वाटते. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असा नियम त्यातून निघत नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी १९९९ मध्ये सांगितलेले वर्णन मला अधिक खरे वाटते. शोकात माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतो, कधी गमावलेल्याकडे वळतो तर कधी हिशेब, नोकरी, मुलांची शाळा यांसारख्या उरलेल्या आयुष्याकडे. दुपारी हसणारी आणि रात्री उशीत तोंड खुपसणारी आई दोन्ही वेळा खरीच असते.

हा हेलकावा थांबला आणि तीव्र ओढ, रितेपण, मृत्यू घडलाच नाही असे वाटणे यांनी जगणे ठप्प केले, तर त्याला प्रदीर्घ शोक विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकी यादीने २०२२ पासून प्रौढांसाठी एका वर्षाची मर्यादा धरली आहे. ‘वर्षाच्या आत सावरा’ असा आदेश त्यात नाही. ती फक्त मदतीची गरज ओळखण्याची खूण आहे. अपहरण झालेल्या आणि कधीच न सापडलेल्या माणसाच्या घरच्यांना तर हाही आधार मिळत नाही. ते मरण मान्य करतील तर त्यांनी विश्वासघात केल्यासारखे होते, आणि आशा धरतील तर वेड्यात काढले जातात. पॉलीन बॉस यांनी या अवस्थेला अनिश्चित हानी म्हटले, आणि आशा व शोक दोन्ही एकदम बाळगण्याची परवानगी हाच त्यावरचा पहिला उपचार मानला.

शिक्षा झाली की मन शांत होते का?

काहींचे होते. ‘तू खरे बोललीस’ असे एका संस्थेने जाहीरपणे म्हटल्याचे मोल कमी लेखू नये. पण निकालावर सारे सावरणे टांगून ठेवले तर तारखा पडत जातात आणि आयुष्यही त्यांच्यासोबत लांबणीवर पडते, आणि शिक्षेच्या दुसऱ्या सकाळी गेलेला माणूस गेलेलाच असतो. न्यायप्रक्रिया स्वतःच नवी इजा करू शकते. पुन्हा पुन्हा जबाब, उलटतपासणीतले चारित्र्यावरचे प्रश्न, दालनाबाहेर आरोपीसमोर तासन्‌तास बसणे हे सारे त्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी गुन्ह्यातील पीडितांच्या न्यायाविषयीचा जाहीरनामा मंजूर केला. पीडितांना सन्मानाने वागवावे, खटल्याच्या प्रगतीची माहिती द्यावी, त्यांचे खासगीपण जपावे आणि भरपाईची सोय करावी हे त्यात स्पष्ट आहे. पडद्याआडून साक्ष, सोबत बसणारी विश्वासातली व्यक्ती, प्रतीक्षेची वेगळी जागा या गोष्टींवरचा खर्च ही मेहेरबानी समजली जाते, ते चूक आहे.

क्षमेचा उपदेशही येथेच संपवावा. क्षमा केल्याने कोणाला हलके वाटत असेल तर तो त्याचा निर्णय. सावरण्याची ती अट नव्हे, आणि राग टिकून राहिला म्हणून सावरणे अपुरे राहते असेही नाही.

जवळच्यांच्या हाती काय असते?

आपल्याला वाटते त्याहून बरेच. २००० मध्ये ख्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडीच्या चौदा जोखीमकारक घटकांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा घटनेच्या आधीच्या बहुतेक गोष्टींपेक्षा घटनेनंतर आधार न मिळणे आणि आयुष्यातला पुढचा ताण यांचा परिणाम मोठा दिसला. तरीही आपण दोष देतो, याचे एक उत्तर मेल्विन लर्नर यांच्या १९६६ च्या प्रयोगात आहे. एका स्त्रीला विजेचे धक्के बसताना पाहणाऱ्या आणि ते थांबवू न शकणाऱ्या प्रेक्षकांनी तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. धक्के अर्थातच खोटे होते. जग न्यायी आहे ही समजूत जपण्यासाठी आपण बळीची चूक शोधतो, कारण तिची चूक असेल तर आपण ती टाळून सुरक्षित राहू शकतो.

मदतीची सुरुवात शरीरापासून करावी. जखमा, ऊब, झोपायला सुरक्षित जागा या गोष्टी आधी पाहाव्यात. लैंगिक अत्याचारानंतर वेळेचे भान विशेष लागते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि तातडीचे गर्भनिरोधन १२० तासांपर्यंत उपयोगी पडते, तेही जितके लवकर तितके परिणामकारक. त्यानंतर निर्णय तिच्या हाती द्यावेत, कारण हल्ल्यात हिरावले गेले ते नेमके तेच असते. कोणाला सांगायचे, तक्रार कधी करायची, दिवा चालू ठेवायचा की बंद, हे तिनेच ठरवावे. ‘जे झाले ते झाले’, ‘नशीब, जीव तरी वाचला’ ही वाक्ये सांत्वनाच्या वेषात तोंड बंद करतात. ‘ही तुझी चूक नव्हती’ आणि ‘उद्या रुग्णालयात मी सोबत येतो’ ही दोन पुरेशी आहेत. मुलांना वयानुसार खरे सांगावे आणि दिनक्रम शक्य तितका पूर्ववत ठेवावा. काही न सांगितल्यास ती स्वतःलाच कारणीभूत मानतात. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागले तर मात्र वाट न पाहता, त्याला एकटे न सोडता, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे का?

आघातानंतर काही जणांना आयुष्याची नवी किंमत कळल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. पण वाचलेल्याकडून अशा वाढीची अपेक्षा करणे हा त्याच्यावरचा आणखी एक बोजा ठरतो. पूर्वीसारखे होणे बहुधा घडत नाही, विसरणे तर नाहीच. आठवण हवी तेव्हा काढता येणे, नको तेव्हा ठेवून देता येणे, आणि ती आली तरी हातातले काम चालू ठेवता येणे, एवढे साधले तर उपचार करणारे त्याला यश मानतात.

तरीही वर्षश्राद्धाचा दिवस, खटल्याची तारीख, आरोपीला जामीन मिळाल्याची बातमी किंवा तशाच दुसऱ्या गुन्ह्याचे वृत्त यांनी जुनी लक्षणे पुन्हा उसळतात. सारे पाण्यात गेले, असे त्या वेळी वाटते. उसळी येते तशी ओसरतेही, आणि पहिल्या वेळी शिकलेले काही नाहीसे झालेले नसते. अशा तारखा आधीच ओळखून त्या दिवशी सोबत कोण असेल हे ठरवून ठेवता येते, आणि त्रास काही आठवडे टिकला तर त्याच तज्ज्ञाकडे मोजक्या बैठकांसाठी परत जाता येते.